खरोसा : जांभ्या दगडातील लेणी

लातूर : महाराष्ट्रातील लेणी म्हटले की वेरूळ आणि अजिंठ्याची नावे सहज ओठांवर येतात. मात्र, लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातल्या खरोसा या छोट्या गावालाही असाच प्राचीन वारसा लाभला आहे, याची माहिती फार थोड्यांना असते. लातूर शहरापासून सुमारे ४५ किलोमीटर अंतरावर, औसा-निलंगा परिसरात हे गाव वसले आहे. गावाजवळच्या टेकडीच्या कुशीत लेणी आणि माथ्यावर रेणुकादेवीचे मंदिर, ही खरोशाची ओळख.

ही लेणी साधारणपणे इसवी सनाच्या सहाव्या शतकातील मानली जातात. नृसिंह, शिव-पार्वती, कार्तिकेय, रावण यांची शिल्पे येथे पाहावयास मिळतात. शैव आणि वैष्णव कथा एकाच टेकडीत शेजारी शेजारी कोरल्या गेल्या, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. जेम्स बर्जेस यांनी बीदर व औरंगाबाद जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांवरील १८७८ च्या अहवालात खरोशाची नोंद घेतली. त्या वेळी हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. पुढे १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्याचे विभाजन होऊन लातूर जिल्हा अस्तित्वात आला आणि खरोसा त्यात समाविष्ट झाले.

खरोशाचे वेगळेपण दगडात आहे. वेरूळ-अजिंठ्याची लेणी कठीण काळ्या पाषाणात आहेत. खरोशाची टेकडी मात्र जांभ्या दगडाची आहे. उष्ण व दमट हवामानात मूळ खडकातील विद्राव्य घटक पाण्याबरोबर दीर्घकाळ वाहून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरतात. त्यातूनच हा तांबूस, सच्छिद्र दगड तयार होतो. बीदरच्या पठारावरही हाच दगड आढळतो. तेथील प्रसिद्ध भुयारी जलवाहिन्या त्यातच खोदलेल्या आहेत.

जांभा जमिनीखाली तुलनेने मऊ असतो, म्हणून त्यात खोदकाम सोपे जाते. हवा लागल्यावर त्याचा पृष्ठभाग कठीण होतो. परंतु त्याचा पोत भरड असल्याने बारीक नक्षी त्यात फार काळ टिकत नाही. पावसाचे पाणी छिद्रांतून झिरपते, दगड झिजतो आणि मूर्तींचे चेहरे हळूहळू पुसट होत जातात. ज्या गुणामुळे ही लेणी खोदणे शक्य झाले, तोच आज त्यांच्या ऱ्हासाला कारणीभूत ठरत आहे.

म्हणूनच येथे संवर्धनाचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. टेकडीच्या माथ्यावरील पाण्याला योग्य वाट काढून देणे आणि भेगा वेळीच बुजविणे, ही कामे सुशोभीकरणापेक्षा अधिक निकडीची ठरतात. पर्यटकांनीही भिंतींवर नावे कोरण्याचा मोह टाळायला हवा. काळ्या पाषाणावर ओरखडा उमटतो. जांभ्याचा मात्र तुकडाच निखळतो. एकदा झिजलेले शिल्प पुन्हा घडविता येत नाही. शक्य आहे ते एवढेच, की जे उरले आहे ते पुढच्या पिढीच्या हाती सोपविणे.