मळसूत्री पूल : उंची गाठण्याची एक रीत

‘घाट’ या शब्दाला मराठीत तीन अर्थ आहेत. डोंगर ओलांडणारी वाट म्हणजे घाट, नदीत उतरणाऱ्या पायऱ्या म्हणजे घाट आणि वस्तूची घडण, तिचा आकार म्हणजेही घाट. या अर्थांचे मूळ एकच की निरनिराळे, हा विचार भाषापंडितांवर सोपवू. तथापि डोंगरातल्या वाटेला आकार द्यावा लागतो, हे बेळगावहून आंबोलीमार्गे सावंतवाडीस अथवा चोर्ल्यावरून गोव्यात उतरलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. अशा आकारांपैकी सर्वांत विलक्षण आकार म्हणजे स्वतःलाच ओलांडून वर चढणारा पूल. त्याची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

प्रथम चढाचे गणित पाहू. वाहनाने वीस मीटर पुढे जावे आणि एक मीटर वर चढावे, असा चढ धरला, तर शंभर मीटर उंची गाठण्यास दोन किलोमीटर रस्ता लागतो. परंतु डोंगराचा पायथा आणि माथा यांतील सरळ अंतर पुष्कळदा काही शे मीटरच असते. मग उरलेली लांबी ठेवावयाची कोठे? उतारावर नागमोडी वळणे घेणे, हे या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर होय. आगगाडीला इतके तीव्र वळण घेता येत नाही. म्हणून १८६३ मध्ये सुरू झालेल्या बोरघाटातील लोहमार्गावर खंडाळ्याजवळ गाडी थांबवून उलट दिशेने पुढे नेत असत. ही व्यवस्था १९२९ पर्यंत चालू होती.

नागमोडी रस्त्याची किंमत मात्र डोंगराला द्यावी लागते. प्रत्येक वळणासाठी उतार तासावा लागतो. एकाच उतारावर एकाखाली एक असे रस्ते कापले, की वरच्या भागाचा आधार कमी होतो, पावसाचे पाणी मुरते आणि दरड खाली येते.

दुसरा मार्ग शाळेतील एका प्रयोगातून सहज उमगतो. काटकोन त्रिकोणाच्या आकाराचा कागद पेन्सिलीभोवती गुंडाळला, तर त्याची तिरपी कड वेटोळे घेत वर जाताना दिसते. मळसूत्र म्हणजे गुंडाळलेली उतरण, ती हीच. रस्ता याच रीतीने गुंडाळला, तर थोड्या जागेत पुष्कळ लांबी मावते. अट एवढीच, की एक फेरा पूर्ण होईपर्यंत खालच्या रस्त्यावरून वाहन जाईल इतकी उंची मिळाली पाहिजे. ८० मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ सुमारे २५० मीटर असतो. विसास एक या चढाने एका फेऱ्यात साडेबारा मीटर उंची मिळते आणि ती पुरेशी होते. व्यास २० मीटरच ठेवला, तर जेमतेम तीन मीटर मिळतील आणि वरच्या पुलाखालून मालमोटार जाणार नाही.

अमेरिकेतील साउथ डकोटा राज्यात ब्लॅक हिल्स नावाचे डोंगर आहेत. तेथील आयर्न माउंटन रस्ता १९३३ मध्ये पूर्ण झाला. पूर्वी राज्याचे गव्हर्नर आणि नंतर सिनेटर असलेल्या पीटर नॉरबेक यांनी डोंगरातून पायी व घोड्यावरून हिंडून त्याची आखणी केली. रश्मोर पर्वतावर कोरले जाणारे राष्ट्राध्यक्षांचे चेहरे बोगद्याच्या चौकटीत दिसावेत, अशी त्यांची इच्छा होती. बोगद्यांच्या जागा त्यानुसार ठरल्या. पण बोगद्यातून बाहेर पडताच थोड्या जागेत बरीच उंची उतरावी लागे. ही अडचण सी. सी. गिडिअन यांनी लाकडी मळसूत्री पुलांनी सोडविली. डुकराच्या पिळदार शेपटीवरून त्यांना ‘पिगटेल’ हे नाव पडले. रस्ता मुद्दाम संथ ठेवला होता. प्रवाशाने डोंगर पाहत जावे, हाच त्यामागील हेतू होता.

जपानमधील इझु द्वीपकल्पातील कावाझु-नानादारु पुलाची कथा वेगळी आहे. नानादारु म्हणजे सात धबधबे. जानेवारी १९७८ मधील भूकंपात दरडी कोसळून तेथील डोंगररस्ता उद्ध्वस्त झाला. त्याच उतारावर पुन्हा रस्ता कापणे धोक्याचे होते. म्हणून १९८१ मध्ये दरीच्या मोकळ्या जागेत खांबांवर पूल उभारण्यात आला. ८० मीटर व्यासाचे दोन फेरे घेत तो ४५ मीटर उंची गाठतो. त्याची लांबी एक किलोमीटरहून थोडी अधिक आहे. ज्या उताराचा भरवसा नाही, त्याला शक्य तितके न स्पर्शता वर जाण्याचा हा मार्ग आहे.

एका ठिकाणी डोंगराचे दर्शन घडावे म्हणून आणि दुसऱ्या ठिकाणी डोंगराच्या दरडींपासून माणसे वाचावीत म्हणून रस्त्याने स्वतःभोवती प्रदक्षिणा घातली. दोन्हीकडे आधी डोंगराचा स्वभाव ओळखला गेला आणि मग रस्त्याचा घाट ठरला. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्यात दरडी कोसळून घाट बंद पडल्याच्या वार्ता आपण वाचतो. प्रत्येक घाटात मळसूत्री पूल बांधावा, असे कोणी म्हणणार नाही. तो खर्चिक असतो आणि सर्वत्र साधतही नाही. परंतु कडा तासण्यापूर्वी तो तासल्यावाचून वर जाता येईल काय, एवढा प्रश्न विचारण्यास खर्च येत नाही. या शाळेतून पुढे स्थापत्यशास्त्राकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो प्रश्न आवर्जून विचारावा.