वडोदऱ्याच्या काचपेटीतील विदूषक मासा

नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाउनफिश, म्हणजे विदूषक मासा, खाऱ्या पाण्याच्या मत्स्यपेटीसाठी नवख्यांना सुचवला जातो आणि ते योग्यच आहे. कारण पैदास केंद्रात जन्मलेले हे मासे कोरडे खाद्य सहज स्वीकारतात व निसर्गात ज्याच्या दंशकारी शुंडकांत ते आश्रय घेतात त्या समुद्रपुष्पावाचूनही जगतात. वडोदऱ्यात खरी अडचण माशाची नसून उन्हाळ्याची आहे: त्याला २४ ते २७ अंश सेल्सिअस पाणी मानवते, तर मे महिन्यात शहराचा पारा ४० अंशांपलीकडे जातो, त्यामुळे पाणी थंड ठेवणारे चिलर यंत्र माशापेक्षा कितीतरी महाग पडते. शिवाय पाण्याची वाफ होते, मीठ मात्र मागेच उरते. म्हणून भर खाऱ्या नव्हे, तर क्षारमुक्त गोड्या पाण्याची घालावी लागते. विषारी अमोनियाचे नायट्राइट व पुढे नायट्रेट करणारे जिवाणू पेटीत रुजण्यास सुमारे ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर मासा दुकानातच बरा.