‘जेंटली’ आणि आपले ‘हळू’

काही इंग्रजी शब्द दिसायला सोपे, पण वापरायला अवघड असतात. ‘जेंटली’ हे क्रियाविशेषण त्यांपैकीच एक. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘हळू’, ‘हळुवारपणे’, ‘सौम्यपणे’ असे प्रतिशब्द आढळतात. विद्यार्थी त्यांतील पहिला उचलतो आणि चूक नेमकी तेथेच होते.

मराठीत ‘हळू चाला’ म्हणजे वेग कमी करा आणि ‘हळू बोला’ म्हणजे आवाज कमी करा. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘स्लोली’ व दुसऱ्यासाठी ‘सॉफ्टली’ असे दोन निराळे शब्द आहेत. ‘जेंटली’चा मुख्य संबंध वेगाशी नाही की आवाजाशी नाही, तो जोराशी आहे. आपल्या हाताचा किंवा शब्दाचा भार समोरच्यावर किती पडतो, हे तो सांगतो.

हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. हिंदमाताहून परळकडे निघाले की १९२६ साली सुरू झालेले केईएम आणि १९४१ साली सुरू झालेले टाटा स्मारक ही रुग्णालये लागतात. गावाहून आलेल्या कितीतरी कुटुंबांत डॉक्टरांचा इंग्रजी कागद वाचू शकणारी पहिली व्यक्ती म्हणजे घरातील शाळकरी मूल असते. कागदावर ‘जखम जेंटली पुसा’ अशा अर्थाची सूचना असेल आणि मुलाने ‘हळू पुसा’ असे सांगितले, तर आई सावकाश पुसेल, पण कदाचित दाबूनही पुसेल. ‘हलक्या हाताने पुसा’ असे सांगितले की सूचना पुरी पोचते. हिंदमाताच्या कापडबाजारात नाजूक साडीची घडी घालताना विक्रेता हेच शब्द वापरतो : ‘हलक्या हाताने धुवा.’ शब्दकोशात शोधावा लागणारा अर्थ बाजारात सहज ऐकू येतो.

मराठीत प्रसंगानुसार शब्द बदलतो. तान्हे मूल ‘अलगद’ उचलावे. त्यात हिसका न बसण्याची काळजी आहे. झोपलेल्याला ‘हळूच’ उठवावे. मात्र कोणी वर्गातून ‘हळूच सटकला’ तर ते ‘जेंटली’ नव्हे, ते चोरपावली झाले. रागावलेल्याला ‘समजुतीने’ सांगावे, दूध ‘मंद’ आचेवर तापवावे. हिंदमाताचा भाग सखल आहे. भोवतालचा ‘सौम्य’ उतार आपल्या पायांना जाणवत नाही, पण पावसाचे पाणी तो बरोबर ओळखते. त्या तुंबलेल्या पाण्यातून आपण ‘जपून’ चालतो. पाऊल टाकण्यापूर्वी चाचपणाऱ्या या चालीला इंग्रजीत ‘जिंजर्ली’ म्हणतात. आल्याशी त्याचा काही संबंध नाही. ‘टेंडर्ली’त माया असते, ‘माइल्डली’त तीव्रतेचा अभाव असतो. ‘जेंटली’ला मात्र नात्याची अट नाही. परिचारिका अनोळखी रुग्णालाही ‘जेंटली’ कुशीवर वळवते.

या शब्दांची कुळकथा पाहिली तर विचार करण्याजोगे काही हाती लागते. ‘जेंटल’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याच्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ एका कुळातील, एका वंशातील असा होता. पुढे तो ‘उच्चकुलीन’ या अर्थाने रूढ झाला आणि उच्चकुलीनांकडून अपेक्षित असलेली सभ्यता, सौम्यता हा अर्थ त्याला नंतर चिकटला. म्हणजे ‘जेंटली’ वागणे ही एके काळी जन्माने मिळणारी गोष्ट मानली जात होती. आपला ‘हळू’ असा खानदानी नाही. तो संस्कृत ‘लघु’पासून प्राकृतातून, अक्षरांची अदलाबदल होऊन आला. त्याचा मूळ अर्थ ‘हलका’, वजन नसलेला. मराठीच्या दृष्टीने सौम्य वागणे म्हणजे आपला भार दुसऱ्यावर न टाकणे. त्यासाठी कुळ लागत नाही.

तसाच ‘मऊ’. संस्कृत ‘मृदु’, पालीत ‘मुदु’, पुढे प्राकृतातून मराठीत ‘मऊ’. मेत्तसुत्तात शांतिपद इच्छिणाऱ्याचे जे गुण सांगितले आहेत त्यांत ‘मुदु’ आहे. आजारी माणसासाठी शिजवलेल्या मऊ भातात आणि त्या सुत्तात एकच शब्द नांदतो आहे. वासेट्ठसुत्तात भगवंतांनी माणसाची ओळख जन्मावरून नव्हे, कर्मावरून ठरते असे सांगितले. इंग्रजी शब्दाला कुळाकडून वर्तनाकडे यायला काही शतके लागली. हा विचार त्याच्याही फार आधीचा आहे.

तथापि मृदू म्हणजे गुळमुळीत नव्हे. सम्यक वाचेत कठोर वाणी वर्ज्य आहे, तशीच असत्य वाणीही वर्ज्य आहे. अभयराजकुमारसुत्तात भगवंत राजपुत्राला विचारतात, की मांडीवरच्या बाळाने तोंडात खडा घातला तर तो काय करील? राजपुत्र म्हणतो, रक्त आले तरी बोट वाकवून खडा बाहेर काढीन, कारण बाळाविषयी करुणा आहे. हिताचे सत्य अप्रिय असले तरी योग्य वेळ पाहून सांगावेच लागते. तेथे भार हलका करता येतो, सत्य हलके करता येत नाही.

म्हणून पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. मुलाने ‘जेंटली’चा अर्थ विचारला, तर एक प्रतिशब्द देऊन थांबू नये. कोण, कोणाशी, काय करीत आहे, हे आधी विचारावे. ‘हलक्या हाताने’, ‘अलगद’ की ‘समजुतीने’, हे मग मूल स्वतःच सांगेल. आणि ते चुकले, तर ती चूकही त्याला समजुतीनेच दाखवावी.