मालट्रक हाकणाऱ्याने बिऱ्हाड कोठे करावे?

'गृहस्थ' या शब्दाचा सरळ अर्थ घरात राहणारा असा आहे. मग जो मनुष्य महिन्यातील वीस रात्री ट्रकच्या कॅबिनमध्ये निजतो, ज्याचे सकाळचे स्नान राजस्थानात व रात्रीचे जेवण हरियाणात होते, त्यास गृहस्थ म्हणावे की नाही? शब्दकोशाने याचे उत्तर काहीही दिले तरी प्रपंचाचे उत्तर एकच आहे. त्यास बायकोमुले आहेत, वृद्ध आईबाप आहेत, महिन्याचे भाडे व शाळेची फी आहे. अर्थात तो गृहस्थ आहेच. मात्र त्याचे गृह कोठे असावे, हा प्रश्न इतर नोकरदारांच्या प्रश्नाहून निराळा व अधिक बिकट आहे. ज्याच्या खांद्यावरून आपल्या घरातील गहू, औषधे आणि कापड येते, त्याच्या संसाराचा विचार सुशिक्षित कुटुंबांनी घटकाभर करावा, एवढ्याच हेतूने आम्ही हा विषय हाती घेतला आहे. उदाहरणादाखल पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी हे दोन तालुके घेऊ. कारण मुंबई-अहमदाबाद महामार्ग, म्हणजे पूर्वीचा क्रमांक ८ व आताचा ४८, याच तालुक्यांतून गुजरातेत शिरतो.

ही वाट आजची नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील शिलालेख आहे. त्यात त्याने पारादा, दमण, तापी, दाहनुका इत्यादी नद्यांवर वाटसरूंसाठी नावांची फुकट सोय केल्याचे, दोन्ही तीरांवर धर्मशाळा व पाणपोया बांधल्याचे नमूद आहे. भडोच, दशपूर, गोवर्धन व सोपारे येथेही त्याने विश्रामस्थाने उभारली. पारडी, दमण, डहाणू ही नावे आजही त्याच क्रमाने प्रवाशास लागतात. हल्ली तेल कंपन्यांच्या काही पंपांवर ट्रकचालकांसाठी 'अपना घर' नावाची विश्रामगृहे निघाली आहेत, तीही त्याच परंपरेतील होत. ती अवश्य वाढावीत. परंतु उषवदातापासून आजपर्यंत सर्व व्यवस्था जो वाटेवर आहे त्याच्यासाठी झाली. त्याच्यामागे जी माणसे घरी राहिली त्यांची चिंता कोणी शिलेवर कोरली नाही. विश्रामगृहात खाट मिळते. घर म्हणजे त्याहून काही अधिक, आणि ते ज्याचे त्यालाच निवडावे लागते.

आता प्रदेशाची रचना पाहू. येथे दोन समांतर वाटा आहेत. समुद्राच्या बाजूने पश्चिम रेल्वे जाते; तिच्यावर डहाणू रोड व घोलवड ही स्थानके. पूर्वेस महामार्ग, त्यावर चारोटी, पुढे तलासरी, आणि अगदी सीमेवर अच्छाड. चारोटी नाक्यापासून डहाणू गाव पंचवीसेक किलोमीटर पडते. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला. उरलेली गावे आधी डहाणूस जोडली गेली आणि मग त्यांचाच तलासरी हा स्वतंत्र भाग झाला. सीमा जन्मली, तसे नाके जन्मले. अच्छाड व पलीकडील भिलाड येथे कागदपत्रांच्या तपासणीसाठी गाड्यांच्या लांब रांगा लागत. नाक्याजवळ बिऱ्हाड असले तर रांगेतल्या चालकास घरचा डबा तरी पोहोचे. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला, मालावरील कराची तपासणी सीमेवरून उठली. २०१९ साली गुजरातने आपली परिवहन खात्याची नाकीही बंद केली. म्हणजे सीमेलगत राहण्याचे जुने कारण पुष्कळसे गळून पडले आहे. नव्या कारणांचा विचार नव्याने करावयास हवा.

चालकाच्या मनात पहिला विचार येतो तो हा, की गाडी जेथे उभी राहते तेथेच राहावे. गाडीमालकाचा तळ वापीस असेल तर वापीत, भिवंडीस असेल तर भिवंडीत. यात त्याचा वेळ व भाडे वाचते, हे खरे. पण हिशेब मांडून पाहावा. समजा, तो महिन्याला दहा दिवस घरी असतो. त्या घरात त्याची माणसे मात्र तीसही दिवस राहतात. दहा दिवसांच्या सोयीसाठी तीस दिवसांची गैरसोय पत्करणे हा कोणता व्यवहार? शिवाय मालक बदलतो, तळ बदलतो. तळामागे घर फिरवावयाचे म्हटले तर मुलांच्या शाळेचे दाखले काढण्यातच संसार सरेल.

संस्कृत साहित्यकारांनी जिचा पती प्रवासास गेला आहे तिला 'प्रोषितभर्तृका' असे नाव दिले. कालिदासाच्या यक्षाला मेघ दिसला तेव्हा त्याच्या वर्षभराच्या शिक्षेतील चार महिने उरले होते, म्हणजे आठ महिने सरले होते. महिन्याला वीस दिवस या हिशेबाने ट्रकचालकाच्या पत्नीचा विरहही वर्षाला आठ महिनेच भरतो. फरक इतकाच, की तिची शिक्षा वर्षाअखेर संपत नाही. आणि ती मेघाकडे पाहत बसत नाही. ती रेशनच्या रांगेत उभी असते, सासऱ्याचे औषध आणते, गॅसचा नंबर लावते, रात्री मुलास ताप भरला तर शेजाऱ्याचे दार ठोठावते. तेव्हा घर निवडण्याचा पहिला प्रश्न हाच: धनी हजार किलोमीटरवर असता हे दार ठोठावता येईल असे शेजार आहे काय?

या कसोटीवर महामार्गाच्या अगदी कडेची खोली टिकत नाही. तेथे रात्रभर गाड्यांचा घरघराट, धूळ, आणि मुलांना शाळेसाठी रस्ता ओलांडण्याचे भय. उलट डहाणू गाव घ्या. तेथे रुग्णालय आहे, शाळा आहेत, आणि २०१३ सालापासून मुंबईच्या लोकल गाड्या डहाणू रोडपर्यंत येतात. घरात दुखणाईत वृद्ध असेल, अथवा मुलगी महाविद्यालयात जाणारी असेल, तर डहाणूस तोड नाही. परंतु चालकाला तेथून महामार्ग दूर. दोनतीन दिवसांच्या जागरणाने शिणलेला मनुष्य घराच्या ओढीने शेवटचा टप्पा न निजता मारतो, तेव्हा घराचे अंतर ही केवळ गैरसोय राहत नाही. त्याच्या व इतरांच्या प्राणांशी गाठ पडते. म्हणून आमच्या मते बहुतेकांस मधला मार्ग बरा: कासा-चारोटीचा परिसर अथवा तलासरी गाव, पण महामार्गापासून एकदोन किलोमीटर आत. कासा येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, बाजार आहे, आणि जव्हारकडे जाणारी वाट तेथूनच फुटते.

घर बांधावयाचे असल्यास आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली जमिनीची. हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत १९७४ साली झालेल्या दुरुस्तीनुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीवाचून घेता येत नाही. साध्या कागदावर पैसे देऊन जागा घेणारा आपली पुंजी गमावतो आणि दुसऱ्याचा हक्क बुडवतो. १९४५ साली झरी गावच्या परिषदेनंतर वारल्यांनी गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगारी मोडली, ती कोणी नव्या वाटेने त्यांची जमीन काढून घ्यावी म्हणून नव्हे. आज त्यांच्यातलाच एखादा तरुण ट्रक हाकत असेल, तर त्याला आमचे सांगणे असे, की भाड्याच्या खोलीपायी आपला पाडा सहसा सोडू नये. शेत, भाऊबंद व बोलावल्यासरशी येणारी माणसे भाड्याने मिळत नसतात.

दुसरी गोष्ट भूकंपाची. नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी व भोवतालच्या गावांत धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी तर चारहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला, आणि लोकांनी थंडीत तंबूंमध्ये रात्री काढल्या. ज्या घरचा कर्ता पुरुष अशा रात्री दिल्लीच्या वाटेवर असेल, त्याने भिंती व छप्पर यांत काटकसर करू नये. चार वर्षे अधिक थांबावे, पण पक्के बांधावे.

वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. पुढे येथे ट्रकांचा सुकाळ होईल या आशेने काहीजण आजच जागा अडवू पाहतात. बंदर व्हावयाचे तेव्हा होईल. मच्छीमारांचा त्यास विरोध आहे आणि काम अनेक वर्षांचे आहे. मुलाचे इयत्ता पहिलीचे वय मात्र बंदरासाठी थांबत नाही.

या वयाचा विषय निघाला म्हणजे कोसबाडची आठवण होते. ताराबाई मोडक यांनी बोर्डीस आरंभिलेले बालशिक्षणाचे काम १९५७ साली कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे त्यांनी व अनुताई वाघ यांनी असे पाहिले, की गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत. तेव्हा शाळाच कुरणात नेली. डहाणूच्या मातीतील हा केवढा थोर विचार! पण ती मुले रोज त्याच रानात असत, म्हणून शाळेस त्यांच्यामागे जाता आले. चौदाशे किलोमीटर धावणाऱ्या गाडीमागे शाळा जाऊ शकत नाही. बाप फिरता आहे, म्हणून निदान घर तरी स्थिर हवे. मुलाला आपल्या वर्गाचे, अंगणाचे व आजीच्या खोलीचे ठिकाण पाठ असले, तर दहा दिवसांनी येणारा बापही त्याला परका वाटत नाही.

एकत्र कुटुंबाचे गुणदोष आपणांस पुरते ठाऊक आहेत. त्यातील कुरबुरी आम्ही नाकारीत नाही. तरी या धंद्यात भाऊ, भावजय, सासू किंवा माहेर यांपैकी कोणीतरी हाकेच्या अंतरावर असणे, यासारखी दुसरी सोय नाही. पत्नीचे माहेर जवळ पडत असेल तर जावयाने तेथे बिऱ्हाड करण्यात कमीपणा मानू नये.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. चालकाने घर एकट्याने पसंत करू नये. तो फेरीवर गेला असता त्याच्या पत्नीने व आईने त्या वस्तीत चार दिवस राहून पाहावे: पाणी किती वाजता येते, रात्री दिवा असतो काय, दवाखान्यास रिक्षा किती वेळात मिळते, शेजारीण बोलकी आहे की नाही. परतल्यावर त्याने फक्त एवढेच पाहावे, की गाडी उभी करून घरी पोहोचण्यास किती वेळ लागतो. दोन्ही उत्तरे जमली तर अनामत द्यावी. न जमल्यास त्या दोघींचे उत्तर थोरले मानावे.