‘पडून राहा’पासून ‘चालायला लागा’पर्यंत

वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नागपुरात आमच्या प्रताप नगरात एखाद्या घरी केमो सुरू झाली, की पेशंटला पाण्याचा ग्लासही उठून घेऊ देत नसत. “तुम्ही पडून राहा नं बाप्पा, आम्ही आहोत,” असा सगळ्यांचा प्रेमळ धाक. डॉक्टरांचा सूरही फारसा वेगळा नसायचा.

तरी व्यायाम अगदीच नव्हता असं नाही. सुपारी-तंबाखूच्या खर्‍याने तोंडाचा कॅन्सर घरोघर पोचवलेल्या या विदर्भात जबड्याचे व्यायाम जुनेच. रेडिएशननंतर तोंड उघडेनासं होतं, म्हणून दातांमध्ये लाकडी पट्ट्या एकेक वाढवत ठेवायच्या. मानेच्या गाठी काढल्यावर खांदा लुळा पडू नये, म्हणून हात भिंतीवर सरकवायचा. म्हणजे जिथे कापलं त्या भागाला व्यायाम, बाकी माणसाला आराम. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर तर हाताला सूज येईल या भीतीने घागर उचलायलाही मनाई.

या समजुतीला धक्के बाहेरून बसले. 1980च्या दशकात ओहायोत मेरिल विनिंगहॅम या परिचारिका-संशोधिकेने केमो चालू असलेल्या स्त्रियांना जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसवलं. त्यांचा दम वाढला, मळमळ कमी झाली. 1996मध्ये व्हँकुव्हरचे डॉ. डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कॅन्सरमधून उठलेल्या स्त्रियांच्या हाती थेट होडीची वल्ही दिली. सूज वाढेल ही भीती खरी ठरली नाही. 2009मध्ये कॅथरीन श्मिट्झ यांनी सूज असलेल्या स्त्रियांकडून हळूहळू वाढतं वजन उचलून घेतलं; त्यांचा त्रास वाढला नाही, उलट सूज बळावण्याचे प्रसंग घटले. घागरीवरची बंदी इथेच उठायला हवी होती. पण असे निष्कर्ष ओपीडीच्या टेबलापर्यंत यायला फार वेळ घेतात.

2019मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने प्रमाणच सांगितलं: आठवड्यातून तीनदा अर्धा तास दम लागेल असा व्यायाम, दोनदा स्नायूंचा. 2022 साली अमेरिकेतल्या कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनेने उपचार चालू असतानाही डॉक्टरांनी व्यायाम सुचवावा, असं लिहून दिलं. त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मेमोरियलने स्तनाच्या कॅन्सरच्या 850 रुग्णांवरचा योगाचा अभ्यास मांडला.

मला सगळ्यात बोलका वाटतो तो 2025चा ‘चॅलेंज’ अभ्यास. आतड्याच्या कॅन्सरचे 889 रुग्ण, सगळ्यांची शस्त्रक्रिया आणि केमो झालेली. निम्म्यांना आरोग्याची पुस्तिका दिली, त्यात व्यायामाचा सल्ला होताच. उरलेल्या निम्म्यांना तीन वर्षं मार्गदर्शक दिला. पहिले सहा महिने तो दर पंधरवड्याला भेटायचा. आठ वर्षांनंतर पुस्तिकावाल्यांपैकी 83 टक्के हयात होते, मार्गदर्शकवाल्यांपैकी 90 टक्के. सांध्या-स्नायूंच्या तक्रारी मात्र दुसर्‍या गटात जास्त होत्या, हेही सांगायला हवं.

आता आपल्याकडे पाहा. तुकडोजी चौकातलं कॅन्सर रुग्णालय असो, मेडिकल कॉलेज असो की जामठ्याची कॅन्सर संस्था, “थोडं चालत जा” असं डॉक्टर हल्ली सांगतात. पण किती, कधी, कशाने सुरुवात करायची? ओपीडीतल्या दोन मिनिटांत औषधांचंच बोलणं पुरत नाही, आणि डॉक्टरही व्यायाम शिकून आलेले नसतात. शिवाय हिशेब प्रत्येकाचा वेगळा. प्लेटलेट्स उतरल्यात, हाडात रोग पसरलाय, केमोने पाय बधिर झालेत, हे पाहिल्याशिवाय कुणाला त्रिमूर्ती नगरच्या बागेत धाडणं धोक्याचं. मे महिन्यात तर नागपुरात सकाळी आठलाच ऊन डोक्यावर चढतं. तेव्हा घरातल्या घरात खुर्चीतून उठणं-बसणंच बरं. हे सगळं फिजिओथेरपिस्टने कागदावर लिहून द्यायचं, आणि पुढच्या केमोला आल्यावर विचारायचं. प्रताप नगरातून पेशंट अर्ध्या तासात रुग्णालयात पोचतो, त्याला पुन्हा बोलावता येतं. गडचिरोलीहून येऊन केमो घेऊन परतीची बस धरणार्‍याला मात्र पंधरा दिवसांनी कोणीतरी फोन करावा लागेल, आणि तो कुणी करायचा हे अजून ठरायचं आहे.