फटीतला विंचू

पाऊस सुरू झाला की जिल्हा पानाच्या कोपऱ्यात चार ओळींची ती बातमी येतेच : विंचूदंशाने बालकाचा मृत्यू. आपण चुकचुकतो आणि पान उलटतो. पुरवणीत मात्र डोपामिनवर अर्धं पान असतं. मोबाईल पाहिला की डोपामिन, चॉकलेट खाल्लं की डोपामिन, आणि रविवारी त्याचंच 'डिटॉक्स'. न्यूरोट्रान्समीटर म्हणजे शहरी माणसाचा मूड सांभाळणारी रसायनं, असा समज या लेखांनी पक्का करून टाकलाय. त्यांची खरी ताकद बघायची तर बीडच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगावसारख्या गावात, कडब्याच्या गंजीखालून निघणाऱ्या लाल विंचवाकडे बघा.

दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. एका मिलिमीटरचे पन्नास हजार भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढी फट मध्ये असते. विजेचा संदेश फटीपाशी येऊन थांबतो. तिथे न्यूरोट्रान्समीटर हे रसायन सुटतं, पलीकडच्या ग्राहींवर बसतं आणि संदेश पुढे जातो. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकांच्या दोन हृदयांवर हे दाखवलं. एका हृदयाची चेता उत्तेजित केली, ते मंदावलं; त्याच्या भोवतालचा द्रव दुसऱ्यावर ओतला, तर तेही मंदावलं. काम झालं की हे रसायन लगेच मोडलं जातं किंवा परत ओढून घेतलं जातं. सगळी मेख या 'लगेच'मध्ये आहे.

लाल विंचवाचं विष चेतातंतूंवरच्या सोडियम वाहिन्या मिटूच देत नाही. मेंदूचा हुकूम नसताना तंतू पेटत राहतात. आधी असिटिलकोलिन हे रसायन सांडतं : लाळ, उलट्या, कपडे पिळावेत इतका घाम. मग नॉरअॅड्रेनालिन आणि अॅड्रेनालिनचा लोंढा येतो. रक्तवाहिन्या आवळतात, हातपाय गार पडतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं आणि तोंडाला गुलाबी फेस येतो.

हा क्रम रुग्णाच्या उशाशी बसून टिपणारा माणूस मराठवाड्याचाच. डॉ. हिंमतराव बावसकर, जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचे. 1976 मध्ये ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात रुजू झाले आणि तिथे विंचवाचे रुग्ण डोळ्यांदेखत जाताना त्यांनी पाहिले. प्रयोगशाळा नाही, अनुदान नाही. नाडी, रक्तदाब आणि जागरण एवढंच भांडवल. रात्रभर ठणक्याने ओरडणारा रुग्ण बहुतेक वेळा वाचतो. ज्याला दुखत फारसं नाही पण घाम आणि उलटी सुरू आहे, तो धोक्यात असतो, हे त्यांचं निरीक्षण. त्यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी वापरली. एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरावी, तशी ती नॉरअॅड्रेनालिनची जागा आधीच अडवते. रसायन फटीत असतं, पण त्याला बसायला जागाच उरत नाही. 1986 मध्ये हे 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पूर्वी गंभीर रुग्णांतले पंचवीस-तीस टक्के दगावत, ते प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं. 2011 मध्ये बावसकर दांपत्याने 'बीएमजे'त 70 रुग्णांची चाचणी मांडली. प्राझोसिनसोबत विंचवाची प्रतिलस दिलेले 91 टक्के रुग्ण दहा तासांत पूर्ण बरे झाले. नुसत्या प्राझोसिनवरचे 23 टक्के. पद्मश्री मिळायला 2022 उजाडलं. उशीर झाला, असं माझं स्पष्ट मत आहे.

गंमत अशी की, फवारणीची विषबाधाही याच फटीतली. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक असिटिलकोलिन मोडणारं विकर बंद पाडतं. रसायन साचतं, लाळ-घाम सुटतो आणि विष मेंदूत शिरून श्वासाचं केंद्रही दडपतं. तिथे अॅट्रोपिन जीव वाचवतं. विंचवाच्या रुग्णाचा घाम पाहून तेच अॅट्रोपिन टोचलं, तर मात्र अॅड्रेनालिनचं थैमान उलट वाढतं. घाम दोघांनाही येतो, म्हणून नक्की काय झालं हे डॉक्टरला सांगायला घरातलं कुणीतरी रुग्णाबरोबर हवंच.

राहिला मंत्राने विंचू उतरवणारा. त्याला यश येतं, कारण बहुतेक दंशांत नुसता ठणका असतो आणि तो आपणहून ओसरतो. काळी इंगळी दिसायला भयंकर, पण लाल विंचवापुढे काहीच नाही. मंत्राचं श्रेय खरं तर तिचं. ज्या पोराला लाल विंचू चावलाय, त्याचा मोलाचा तास या उतरवण्यात जातो.

बीडची माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला बाहेर पडतात आणि कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, जमिनीवरच अंथरूण टाकतात. मुकादमाने आणि गावच्या सरपंचाने एवढं करावं : जवळच्या आरोग्य केंद्रात प्राझोसिन आणि विंचवाची प्रतिलस आहे का, हे आत्ताच विचारून ठेवावं. नसेल तर ग्रामसभेत ठराव करून मागावं. आणि विंचू चावलेल्या माणसाला घाम फुटला, उलटी झाली, हातपाय गार लागले, तर वाट न बघता थेट दवाखाना गाठावा. गावाकडच्यांना गरज पडली तर पुढे अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय आहेच.