कॅप नाही, तरी 589!

दोस्तांनो, मुक्ताईनगरहून पहाटेची एसटी पकडून जळगावला ट्रायल दिली आणि यादीत नावच नाही? मग पद्माकर शिवलकर हे नाव लक्षात ठेवा. मुंबईचे डावखुरे फिरकीपटू. 1972-73च्या रणजी फायनलमध्ये मद्रासच्या चेपॉकवर त्यांनी तमिळनाडूचे आधी 16 धावांत 8, मग 18 धावांत 5 गडी टिपले. प्रथम श्रेणीत एकूण 589 विकेट्स! तरी भारताकडून एकही कसोटी नाही. कारण त्याच काळात, त्याच शैलीचे बिशनसिंग बेदी संघात होते. पण शिवलकर खेळत राहिले. थांबल्यावरही 1987-88मध्ये, वयाच्या 47व्या वर्षी, पुन्हा रणजीत उतरले. 2017मध्ये बीसीसीआयने त्यांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला. यादी आपल्या हातात नसते. चेंडू मात्र असतो. उद्या नेटवर येताय ना?